मंदासिस्टरची जपानी गाडी

"ही गाडी तुमच्याकडे आली कशी?" असं मंदासिस्टरच्या फाटकाशी उभं राहून जो कोणी विचारायचा, त्याच्या अंगावर जळकं ऑइल पडायचं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल त्या फाटकाच्या आत एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायच्या आणि डब्यात प्लास्टिकचा मग असायचा. पांढराशुभ्र शर्ट घालून आलेला विमा एजंट, हैदराबादहून फोटो काढायला आलेली दोन पोरं, खुद्द त्यांचा चुलतभाऊ, सगळ्यांनी तो प्रसाद घेतलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो मग रिकामा झाला की त्या म्हणायच्या, "आली कशी म्हणे! चाकावर आली. तुह्या बापाच्या खांद्यावर बसून नाय आली."

मी आदिलाबादच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. बदली होऊन आले तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात गेले. अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक बसकी, लांब नाकाची, दोनच दारांची गाडी विटांवर उभी होती. कधीकाळी पिवळी असावी, पण जागोजागी रंग सोलून खालचा गंज बाहेर आला होता. गाडीखालून फक्त दोन पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या. मी म्हटलं, "खोली पाहायची होती." पाय तसेच राहिले. आवाज आला, "अजून काय पाह्याचं हाय?" मी म्हटलं, "पाणी कधी येतं ते." तेव्हा त्या सरपटत बाहेर आल्या. साठी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, केस बारीक कापलेले, अंगात सरकारी दवाखान्यातला जुना पांढरा कोट, आणि त्या कोटावर ग्रीसचे पंजे. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "गाडीचं नाय इचारलं. रहा."

हे सगळं आता लिहायचं कारण एवढंच, की सिस्टर गेल्यापासून गावात जो तो त्यांच्याबद्दल गोड बोलतो आहे. प्रेमळ होत्या, शांत होत्या, सगळ्यांना सांभाळून घेत होत्या. मी त्यांच्या अंगणात इतकी वर्षं राहिले. त्या शांत नव्हत्या. त्यांच्यासारखा संताप मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही, आणि त्यांना शांत म्हणणाऱ्यांना त्या संतापाचं कारण पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते शांत म्हणतात.

गाडी आली कशी, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा गाडीखाली पडल्या पडल्या सांगितलं. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच सांगितलं असावं.

त्या विशी-बाविशीच्या असताना इथल्याच एका सूतगिरणीच्या दवाखान्यात नर्स होत्या. शेतात मजुरी करणाऱ्या घरातली, शिकून पांढरा ड्रेस घालणारी वस्तीतली पहिली मुलगी. गिरणीत जपानी यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनीयर आला होता, मोरीसाहेब. त्याच्या नावावरून कामगारांची फार करमणूक व्हायची. घरातली न्हाणीची मोरी, तीच मोरी. माणूस अबोल होता आणि त्याचा जीव स्वतःच्या गाडीत होता. जहाजाने आणवलेली ती स्पोर्ट्स कार तो दर रविवारी स्वतः धुवायचा, आणि नागपूरच्या हमरस्त्यावर एक चक्कर मारून पुन्हा झाकून ठेवायचा.

एका पावसाळ्यात त्याला मलेरिया झाला. आमच्याकडे मलेरिया नवीन नाही, पण हा डोक्यात चढला. साहेब बरळायला लागला, माणसं ओळखेना. गिरणीचे डॉक्टर नागपूरला मेहुण्याच्या लग्नात होते. फोन लागेना. मॅनेजर म्हणाला, डॉक्टरांना येऊ द्या, हात लावू नका, परदेशी माणूस आहे, मेला तर जबाबदारी कोणाची? मंदासिस्टरनी त्याचं ऐकलं नाही. क्विनाईनचं सलाईन लावलं आणि त्याच्या उशाशी बसून राहिल्या. डॉक्टर लग्न उरकून, पानबिन खाऊन परतले तेव्हा साहेब उठून पेज पीत होता.

"मंग काय झालं असन सांग?" गाडीखालून आवाज आला.

"तुमचा सत्कार?"

"माह्या हातात मेमो देल्ला. हुकमाबिगर विंजेक्शन देल्लं म्हणून. अन् डॉक्टरले शाल. साहेबाचा जीव वाचवला म्हणून." पान्याचा खणकन आवाज झाला. "चवदाचा पाना दे. तो नाय, चवदाचा! शाळेत काय शिकवतं वं तू?"

मोरीसाहेबाला मात्र कळलं होतं. परत जाताना त्याला गाडी नेणं परवडणारं नव्हतं. मॅनेजरने ती आपल्याला मिळणार असं गृहीत धरून बंगल्यापुढे शेडही बांधून घेतली होती. साहेबाने गाडी सिस्टरच्या नावावर करून दिली, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात मॅनेजर चारचौघांत म्हणाला, "नर्स कू गाडी काहे के वास्ते देते, हमकू मालूम नहीं क्या?"

या एका वाक्यावर पुढची सारी वर्षं गेली. गिरणीची नोकरी सुटली. जमलेलं लग्न होतं, त्या मुलाच्या आईने निरोप पाठवला, गाडी विका, मग बोलू. सख्खा भाऊ म्हणाला, विकून टाक, तोंडं बंद होतील. सिस्टर म्हणाल्या, "इकली तर लोक म्हणतीन खरंच होतं, म्हणून लाजून इकली. मी नाय इकत." गाडी राहिली, मुलगा गेला, भाऊही तुटला. पुढे सरकारी नोकरी लागून त्या बाजारहत्नूरच्या दवाखान्यात गेल्या. आसपासच्या गावांतली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. त्याच पोरांचे बाप बसस्टँडवर त्यांना पाहून एकमेकांना कोपर मारायचे.

गिरणीच्या लॉरीवर ड्रायव्हर असलेल्या मामाकडून त्या गाडी शिकल्या होत्या. काही वर्षं ती चालवलीही. मग ब्रेक गेले, सामान मिळेना, गाडी शेडखाली उभी राहिली ती सिस्टर निवृत्त होईपर्यंत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं.

मी राहायला गेले तेव्हा काम निम्म्यावर आलेलं होतं. सिस्टर कोणी मेकॅनिक नव्हत्या. चुका करत शिकत होत्या, आणि प्रत्येक चुकीला गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मोरीसाहेबाने दुरुस्तीचं पुस्तक मागे ठेवलं होतं, पण ते जपानीत. त्या मोबाइलचा कॅमेरा पानावर धरायच्या आणि मोबाइल त्याचं काहीतरी मराठी करून दाखवायचा. एकदा त्याने दाखवलं, "हा बोल्ट नम्रतेने आवळावा." सिस्टरनी पान्याला पाइप घालून सगळं वजन टाकलं. "घे नम्रता! जनमभर नम्रतेनंच आवळत आली मी."

त्यांची हत्यारंही निम्मी दवाखान्यातली होती. बारीक नट धरायला आर्टरी फोरसेप, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा. सांध्यात तेल सोडायला इंजेक्शनची सिरिंज. गाडीला दोन कार्बोरेटर होते आणि दोघांनी सारखा श्वास घेतला तरच इंजिन एका सुरात चालायचं. तो श्वास सिस्टर स्टेथोस्कोपने ऐकायच्या. डोळे मिटून आधी एकाला नळी लावायच्या, मग दुसऱ्याला, मग स्क्रू केसभर फिरवायच्या. त्या वेळी चेहरा असा व्हायचा की मी आवाज न करता मागे सरकायचे. तेवढाच वेळ काय तो त्यांच्या तोंडावर राग नसायचा.

ब्रेक बसवले तेव्हा त्यातली हवा काढायला दुसरं माणूस लागतं, म्हणून मला सीटवर बसवलं. सीट जमिनीला इतकी टेकलेली की मला बाहेरची तुळससुद्धा झाडाएवढी दिसत होती. त्या चाकाशी सलाईनची नळी आणि बाटली घेऊन बसल्या.

"दाब."

"दाबलं."

"दाबून राह्यली का नुसती बसून राह्यली?"

"दाबून राह्यले, सिस्टर!"

"धर. सोडू नको. सोडशीन तं हवा आत घुसन अन् मी तुले खोलीतून हाकलीन. आता सोड. सोड म्हणलं ना! काऊन धरून बसली?"

अख्खी सकाळ हेच चाललं. दुपारी नळीतून बुडबुड्याशिवाय तेल यायला लागलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, कंबर धरली आणि म्हणाल्या, "चाल, बोंबील कर. आज तू कर. मी थकली."

गाडीचा तळ कुजला होता. गॅसवेल्डिंगवाल्याने पाहून सांगितलं, वरून लांबी भरतो, घासून रंग मारतो, नव्यासारखी दिसेल. लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्यावर भरतात ते मलम. सिस्टर त्याच्या अंगावर धावून गेल्या. "कुजलेलं कापायचं असते. गँगरीनवर पावडर लावतं का रे? अख्ख्या जिल्ह्यानं माह्यासमोर लांबीच भरली. माह्या गाडीत नाय भरायची." तळाचा पत्रा पूर्ण कापून नवा टाकला. स्टेअरिंगचं लाकूड तडकलं होतं, ते घेऊन आम्ही निर्मलला गेलो. खेळणी करणारा म्हातारा कारागीर म्हणाला, आमचं पोणकीचं लाकूड हलकं, हत्ती-घोडे त्याचे होतात, पण हाताचा घाम त्याला सोसणार नाही. त्याने शिसवीचं कडं करून दिलं आणि गाडीचा रंगही त्यानेच ठरवला. हळदीचा पिवळा, त्यात चिमूटभर शेंदूर. तो बोलत असताना सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या. त्याने गाडी आली कशी ते विचारलं नव्हतं. बाजूने कसं दिसतं तिचं नाक, एवढंच विचारलं होतं.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तो रविवार होता. पैनगंगेच्या पुलापर्यंत गेलो. खिडक्या उघड्या, दोन्ही बाजूंना कापूस, आणि सिस्टर शिसवीचं कडं दोन्ही हातांनी धरून ताठ बसलेल्या. मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते, पोरं मोटरसायकलवरून मोबाइल धरून शेजारी येत होती. त्या कोणाकडे पाहत नव्हत्या. पुलावर गाडी थांबवली, खाली उतरून कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "मामा असता तं." एवढंच. परत येताना त्यांनी मला सबंध रस्ता गिअर कसा टाकायचा ते शिकवलं, म्हणजे शिव्या दिल्या.

पुढे त्या गिरणीचा वर्धापनदिन आला. गिरणी आता नव्या मालकांची. एक तरुण अधिकारी घरी आला, मोठ्या अदबीने. फाटकातूनच म्हणाला, मॅडम, आमच्या पहिल्या जपानी इंजिनीयरची गाडी तुम्ही जपली आहे, ती कार्यक्रमाला आणाल का? डब्याकडे गेलेला सिस्टरचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "सत्कार कोणाचा हाय?" तो म्हणाला, "जुन्या डॉक्टरसाहेबांचा. त्यांनीच त्या इंजिनीयरचा जीव वाचवला होता ना!"

मी सिस्टरकडे पाहिलं. मला वाटलं आता डबाच जाईल त्याच्या डोक्यावर. पण त्या म्हणाल्या, "येते."

कार्यक्रमाच्या सकाळी त्या पांढरी साडी नेसल्या. गाडी मंडपाशेजारी लावून घेतली गेली, लगेच तिला झेंडूच्या माळा घातल्या. व्यासपीठावर डॉक्टर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, गोरे. निवेदक तेलुगूत बोलला, मग हिंदीत. भयंकर ताप, परदेशी पाहुणा, डॉक्टरसाहेबांनी घेतलेला धाडसी निर्णय. शाल घातली. टाळ्या. तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि सरळ पायऱ्या चढून वर गेल्या. कोणाला कळायच्या आत त्यांच्या हातात माइक होता.

"क्विनाईन मी देल्लं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "डॉक्टर तवा नागपूरले लग्नात होते. त्यायलेच इचारा. बसले हायत ना इथं, इचारा."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. डॉक्टरांनी शालीचा काठ सारखा केला आणि खाली पाहिलं. एक शब्द बोलले असते तर पुरे होता. "हो" म्हणायला किती वेळ लागतो? निवेदकाने हसत हसत माइक काढून घेतला, "अम्मा कू पुराने दिन याद आ गए," आणि लोक हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. दुष्टपणाचंही नव्हतं ते. वेडसर म्हातारीला हसतात तसं होतं.

सिस्टर खाली उतरल्या आणि गाडीकडे गेल्या. तिथे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा मुलगा बॉनेटवर बसून फोटो काढून घेत होता. ऐंशी-नव्वद किलोचं धूड, खाली बॉनेट वाटीसारखं दबलेलं. ते बॉनेट सिस्टरनी महिनोन् महिने हातोडीने ठोकून सरळ केलं होतं. त्या म्हणाल्या, "उतर." तो म्हणाला, "रुको ना आजी, एक और." सिस्टरनी त्याच्या कानफटात दिली. नर्सचा हात होता, नेमका बसला. मंडपात शांतता झाली. सत्याने जी झाली नव्हती ती एका थपडेने झाली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. थपडेबद्दल कोणी काही बोललं नाही. गाडीचे कागद मुदतीबाहेरचे आहेत म्हणून गाडी उचलून ठाण्यात नेली. आम्ही मागोमाग गेलो. ठाण्याच्या साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, "लडके से माफी मांगो, गाडी ले जाओ. कागज का देख लेंगे."

"गाल त्याचा हाय, बॉनेट माहं हाय," सिस्टर म्हणाल्या. "पहिले त्याले बॉनेटची माफी मागायले लावा."

मी त्यांना बाहेर आणलं. मी स्वतः म्हटलं, "सिस्टर, दोन शब्दांचा प्रश्न आहे. गाडी पावसात सडेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. वकील केला. तारखा पडत गेल्या. गाडी ठाण्यामागच्या आवारात, दारूच्या केसमध्ये धरलेल्या मोटरसायकली आणि वाळूच्या ट्रॅक्टरांमध्ये उभी होती. एके दिवशी तिच्या दिव्याचं कडं चोरीला गेलं. पोलिसांच्या आवारातून!

 दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर बाजाराची थैली घेऊन निघाल्या. थैलीत भाजीऐवजी पाने आणि स्क्रूड्रायव्हर होते. मी सोबत गेले. आवारात जाऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटर सोडवायला सुरुवात केली. तिथला जमादार धावत आला.

"अम्मा, ये क्या कर रहे? सार कू मालूम हुआ तो मेरी नौकरी जाती!"

सिस्टरनी मानही वर केली नाही. "तुहं पोरगं पायाळू होतं ना रे? बाजारहत्नूरले? तुही बायको ओरडून राह्यली होती, अन् तू बाहेर भिंतीले टेकून रडून राह्यला होता. आता कितवीत हाय?"

जमादाराने टोपी काढून काखेत धरली. मग हळूच म्हणाला, "इंटर हो गया, अम्मा," आणि पाठ फिरवून गेटाकडे गेला.

मग रोजचंच झालं. सिस्टर आपलीच गाडी ठाण्यातून भर दिवसा, तुकड्या तुकड्यांनी चोरून आणायला लागल्या. कार्बोरेटर आणले, डिस्ट्रिब्युटर आणला, शिसवीचं कडं आणलं. दिवे, काचा, सीटा, दारं. ऑटोरिक्षातून एक दार मांडीवर घेऊन येताना त्या अशा बसल्या होत्या जणू पोराला दवाखान्यातून घरी आणत आहेत. प्रत्येक भाग घरी आणून रॉकेलने धुवायच्या, ऑइल लावायच्या, जुन्या नऊवारीत गुंडाळून पलंगाखाली ठेवायच्या. पलंगाखालची जागा संपली, मग माझ्या खोलीत. माझ्या पुस्तकांच्या कपाटात एक सायलेन्सर होता. "माफी मागायची नाय अन् गाडी सोडायची नाय," त्या म्हणायच्या. "दोन्ही जमते. हातपाय हलवाले लागते."

शेवटी आवारात राहिलं ते इंजिन आणि पत्र्याचं सालपट. मग ते साहेब बदलून गेले, नवे आले. त्यांनी आवार पाहिलं आणि विचारलं, "ये कचरा किसका है? हटाओ." सिस्टर तिथेच होत्या. म्हणाल्या, "माहा हाय." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही ते सालपट घरी आणलं. ट्रॉलीत त्या इंजिनशेजारी उभ्या होत्या, एक हात त्यावर ठेवून, पुढाऱ्याच्या घरासमोरून ट्रॅक्टर हळू घ्यायला लावून. कोणाची माफी मागितली नव्हती.

गाडी पुन्हा जोडायला घेतली तेव्हा त्यांच्या पायांवर सूज यायला लागली होती. त्या नर्स, त्यांना अर्थ कळत होता. इथे दाखवलं, नागपूरला दाखवलं, गोळ्या घ्यायच्या आणि काम करायच्या. याच दिवसांत एका दुपारी डॉक्टर आले. मुलाने गाडीतून उतरवून फाटकापर्यंत आणलं आणि तो बाहेर थांबला. सिस्टरनी त्यांना पाहिलं. डब्याकडे पाहिलं नाही. "बसा," म्हणाल्या, आणि मला चहा करायला सांगितलं.

डॉक्टर अर्ध्या जोडलेल्या गाडीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मंदा, त्या दिवशी मला बोलता आलं नाही. मी माफी मागायला आलो आहे."

"इथं?" सिस्टर म्हणाल्या. "इथं तं मी अन् हे टीचर, दोघीच हाओत. आमाले माहीत हाय. ज्यायले माहीत नाय त्यायले सांगा."

"आता या वयात, मंदा... काय फरक पडतो?"

"लोक माह्यावर थुंकले, डॉक्टर. नर्सले गाडी काऊन देतेत, म्हणून थुंकले. तुमी एक वेळ खरं बोलले असते तं कळलं असतं ना काऊन देल्ली ते. माहं लग्न मोडलं तवा तुमी इथंच होते. तुमाले माहीत होतं." त्यांचा आवाज फाटला होता. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. "म्हणून फरक पडते. मले पडते."

डॉक्टर रडले. सिस्टर रडल्या नाहीत. कप पुढे सरकवला. "चहा घ्या. थंडा होऊन राह्यला. माफी नाय भेटायची इथं."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. सिस्टर पुन्हा गाडीखाली शिरल्या. 

कापूस घरात यायच्या दिवसांत इंजिन सुरू झालं. काचा, सीटा अजून बसवायच्या होत्या, पावसात गेलेल्या रंगाच्या जागी राखाडी प्रायमर. सिस्टरना उभं राहवत नव्हतं, त्या खाटेवर बसून होत्या, कानात स्टेथोस्कोप. मला म्हणाल्या, "फिरवून आण." मी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून ती गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि आणली. गिअर टाकताना खडखड झाली. त्या खाटेवरून ओरडल्या, "क्लच! क्लच कोण दाबन, तुही माय?" ते त्यांचं मला उद्देशून शेवटचं धड वाक्य. त्याच आठवड्यात, दवाखान्यात नेता नेता, त्या गेल्या. गाडी त्यांनी मला ठेवली आहे. मी सुट्टीच्या दिवशी काम करते. हळू होतं, मला त्यांच्याएवढं येत नाही. पुढाऱ्याची माणसं येऊन गेली, चौकात चौथरा बांधून गाडी स्मारक म्हणून ठेवू म्हणाली. मी फाटक उघडलं नाही.

बुद्धविहारात शोकसभा झाली. जे जन्मात फाटकातून आत आले नव्हते ते पुढच्या रांगेत बसले होते. एकामागून एक बोलत होते. सेवाभावी, सोज्वळ, कधी कोणाला दुखावलं नाही. मी मुठी आवळून बसले होते. मग डॉक्टर उठले. मुलाने धरून माइकपाशी आणलं. आणि ते बोलले. सगळं बोलले. मी लग्नात होतो, क्विनाईन मंदाने दिलं, शाल माझी नव्हती, ती गाडी तिने कमावलेली होती, तिच्यावर जे बोललं गेलं ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. आवाज कापत होता, पण प्रत्येक शब्द कळत होता.

 मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. मग अख्खा विहार. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "केवढं मोठं मन, नाही? या वयात एवढ्या लोकांसमोर कबूल करायचं म्हणजे!" सूत्रसंचालक माइकवर आला आणि म्हणाला, अशी माणसं आता दुर्मिळ झाली, डॉक्टरसाहेबांच्या या प्रामाणिकपणाला आपण सर्वांनी उभं राहून वंदन करू या. लोक उभे राहिले. सिस्टरचा फोटो पुढे टेबलावर होता, आणि लोक डॉक्टरांकडे तोंड करून उभे होते. एकाच मलेरियाबद्दल त्या माणसाला पुन्हा एकदा मान मिळाला.

मी तेवढी बसून राहिले. मग उठले, चप्पल शोधली आणि बाहेर पडले. टाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या.